बाद

एका सेकंदाला एक फोटो.
जास्त बघायचं नाही, बघितलं की माया लागते.
डावं बोट बाद, उजवं बोट ठेव.
एकोणीसशे बारा फोटो, मोचेमाडकरांच्या थोरलीचं लग्न,
उद्या दुपारच्या आत तीनशे द्यायचेत
आणि इन्व्हर्टर आत्ताच एकदा कण्हलाय.

बाबलला मी हेच शिकवतो.
आधी नुसतं निवड, रंगाला हात लावू नकोस.
तांदूळ निवडताना कोणी फोडणी घालतं का?
डोळे मिटलेले बाद.
तोंडात घास असलेले बाद.
हललेले बाद,
नवऱ्याच्या मामाने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलेले
सगळेच्या सगळे बाद.

मग उजेडाप्रमाणे ढीग.
पिवळ्या ताडपत्रीखालचे दोनशे,
माणसं कावीळ झाल्यासारखी.
त्यातला एकच बरा करायचा:
भटजींच्या उपरण्यावर टिचकी मारून
मशीनला सांगायचं, हे पांढरं,
आणि तेच औषध उरलेल्यांना एकदम पाजायचं.
अंगणातले वेगळे. बंदरावरचे वेगळे.
बंदरावरचे मात्र मी एकेक करून सरळ करतो.
क्षितिज अर्धा अंश जरी कललं
तरी बघणाऱ्याला वाटतं, ही दोघं आता घसरणार.

चेहरे शेवटी.
मुरूम काढायचा, तो आठवड्यात जाणारच असतो.
तीळ ठेवायचा.
नवरीच्या भावाचा रंग होडीवर कमावलेला,
तो मी धुऊन काढत नाही.
मावशीचा फोन येतो, "वायच गोरो कर मां रे तेका."
मी हो म्हणतो
आणि फक्त टोपीची सावली उचलतो.

सगळं वेळेत झालं. अल्बम गेला, निम्मे पैसे आले,
लेन्स परत तांदळाच्या डब्यात.

सोमवारी शटर अर्धंच वर होतं
तेव्हा शेवंती केळुसकर वाकून आत आली.
पंगतीत वाढायला होती ती.
"माजो एक तरी गावात काय?
मोरपिशी साडी. त्याच दिसाक म्हणान घेतललंय."

तीनशेत शोधली.
मोरपिशी होती. सगळीकडे होती.
इथे कोपर, तिथे भाताची परात आणि दोन बांगड्या,
जावयाच्या खांद्यामागे पदराचं टोक.
तीन ठिकाणी मीच कापलेली, चौकट नीट बसावी म्हणून.
एका ठिकाणी तर पुसलेली,
तिच्या जागी मांडवाचं कापड ओढून घेतलेलं,
इतकं सफाईने की मलाही आधी कळलं नाही.

मग तो ढीग उघडला, जो मी कधी उघडत नाही.
बाबल घड्याळ बघत होता.
एका सेकंदाला एक जमेना.
चौदाशे सत्तेचाळीस:
सोलकढीची बादली खाली ठेवून
कोणाच्या तरी बोलण्यावर ती हसतेय,
आख्खी आहे,
पायाच्या जोडव्यांपासून केसांतल्या अबोलीपर्यंत,
आणि डोळे मिटलेले.

म्हटलं, दुसऱ्या फोटोतले डोळे आणून बसवतो,
दहा मिनिटांचं काम.
पण डोळ्यांचा दुसरा फोटो नव्हताच.

ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.
"मी हसतंय तेवा ते मिटततच रे.
ह्योच दी."

त्याला ते औषध पाजलं नाही.
ताडपत्रीचा पिवळा थोडा गालावर राहू दिला.
पाच बाय सातचा प्रिंट,
चाळीस रुपये म्हणालो,
तिने पिशवीतून दोन नारळ काढून काउंटरवर ठेवले
आणि फोटो पदराखाली धरून ऊन चुकवत गेली.

बाबल म्हणाला, मग आता नियम काय?
नियम तोच. परवा परुळ्याला बारसं आहे,
सहाशे तरी होतील.
फक्त बादचा ढीग लगेच रिकामा करू नकोस,
आठ दिवस राहू दे.

डिस्क भरत आलीय, तो म्हणाला.
तेही खरंच होतं.